बासरीच्या तोंडाशी

कारांगवुनी
मंगळवार, पोन, ६ ऑगस्ट १९९६

माझ्यावर रुसलेल्या माझ्या रुसमीला,

वहिनीचा आशीर्वाद नको असेल तर चुलीत घाल, पण पत्र आधी वाचून काढ. मी बरी आहे. दोन दात गेले, जीभ शाबूत आहे. आपल्या नारळांवर आता शेजारच्या मुर्नीचा नवरा चढतो, रस उतरवतो, साखर आम्ही दोघी मिळून आटवतो. तो चढताना इतका कण्हतो की मी खालून म्हणते, "अरे, बाळंत होतोयस का?" मुर्नी हसते, तो तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. गावात करमणूक दुसरी काय?

कामाचं सांगते. तुझ्या दादाचा हजारावा दिवस २८ तारखेला येतोय, बुधवारी, आपल्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या क्लिवोनला. कार्सो आजोबांनी बोटांवर तीनदा मोजलं, मी चौथ्यांदा मोजलं, कारण त्यांना स्वतःचं वयही धड मोजता येत नाही. त्या दिवशी जेवण घालून कबुतर सोडलं की माणूस सुटला. मग तो मागे वळून बघत नाही. आणि कबुतर सोडायला रक्ताचं माणूस लागतं. आम्हाला पोर झालं नाही. उरलीस तू एकटी.

तू कळवलंस, "ज्या हातांनी तो सदरा शिवला, त्याच हातांनी कबुतर सोडू? मला बोलावू नका." शिलाईचं मशीनही देऊन टाकलंस म्हणे. ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तू तिकडे लांपुंगला भातखाचरात राहतेस, समुद्र डोळ्याला दिसत नाही. पंधरा वर्षांत विसरलीस की आपल्या किनाऱ्यावर हिरवं घालत नाहीत, दक्षिणेच्या समुद्रातल्या राणीला ते खपत नाही, हिरव्यातला माणूस ती ठेवून घेते. दादासाठी हौसेने हिरवा सदरा शिवून धाडलास. आठ दिवसांत दादा गेला. गाव म्हणालं, सदऱ्याने नेला. तूही तेच धरून बसलीस.

रुसमी, त्या दिवशी तुझ्या दादाच्या, माझ्या पार्जानच्या अंगावर तो सदरा नव्हता.

त्याने घातला होता खरा. "बहिणीने शिवलाय, किनाऱ्यावरच्या बासरीपर्यंत तरी मिरवू दे." मी म्हटलं, "मिरव की. राणीला घरजावई हवाच आहे, माझी एक थाळी वाचेल." आणि हसत हसत अंगातून ओढून काढला, पेटीत टाकला. तो जुना निळा घालून आला. राणीपासून मी त्याला वाचवलं होतं गं. मग मीच घालवला.

बासरीचं तोंड तुझ्या आठवणीत आहे तसंच होतं, ओला काळा कातळ आणि मधोमध ते भोक, लाट आली की शीळ घालत पाणी उडवणारं. पाचितानहून आलेल्या दोन पोरी काठाशी फोटो काढत होत्या. तुझा दादा वीस हात लांब उभा.

"पुढे ये की."

"भरती चढतेय, सातियेम."

"रोज आभाळाएवढ्या झाडावर चढतोस आणि जमिनीतल्या भोकाला भितोस? मग उद्यापासून तू साखर आटव, झाडावर मी चढते."

हे मी मोठ्याने म्हटलं, पोरींना ऐकू जावं म्हणून. त्या फिसकन हसल्या. तो लालबुंद झाला. पोरी मागे सरल्या तशी काठावर जाऊन उभा राहिला, भोकाकडे पाठ करून, आणि मला वाकून सलाम ठोकला, नाटकातला विदूषक ठोकतो तसा.

पाणी उडायच्या आधी बासरी आत श्वास ओढते. तो मला ऐकू आला. हाक मारायला वेळ होता. पण मी हसत होते, रुसमी. माझं तोंड हसण्यात गुंतलेलं होतं.

पाणी ओसरलं तेव्हा कातळ रिकामा होता. पोरी किंचाळत होत्या. मी मात्र तो आता कुठून तरी भिजून वर येईल आणि मला शिव्या घालील म्हणून उभी. माणसं धावली. कार्सो आजोबांनी विचारलं, "हिरवं होतं का अंगावर?" मी होकाराची मान हलवली. बस. एवढंच केलं. त्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही. बायका मला जवळ घेऊन रडल्या, आणि सगळा दोष समुद्र ओलांडून तुझ्या दारात येऊन बसला. मी बसू दिला.

तेव्हापासून शुक्रवारी लेगी आला की, म्हणजे तो गेला तसल्या दिवशी, मी तिथं जाते. आता कठडा घातलाय, शेवया विकणारीची टपरी आहे. ती विचारते, "काकी, कुणाशी बोलता?" मी सांगते, "नवऱ्याशी. तुझा उलट बोलतो ना, माझा नुसता उसासे टाकतो."

गेल्या खेपेला मी पेटीतून तो सदरा काढला आणि अंगात घालून गेले. पहाटेच, कुणी नसताना. कठडा ओलांडून जिथे तो उभा होता तिथेच उभी राहिले. म्हटलं, राणीसाहेब, हिरवं आणलंय, घ्या.

आणि भोकातून शीळ आली. झावळी तोडायच्या आधी तुझा दादा झाडावरून घालायचा ना, खाली उभी आहेस, बाजूला सरक म्हणून, तीच. दोन आखूड, एक लांब. तीस वर्षांची सवय, माझे पाय आपोआप मागे सरले. पाणी उसळलं ते माझ्या पायाच्या खुणांवर आदळलं. मला नुसता तोंडभर फवारा मिळाला.

वारा असेल. बासरी ती, वाजणारच. पण मी खाली बसले आणि पहिल्यांदा रडले. हिरव्या सदऱ्यातली बाई ढळढळीत समोर असून राणीने घेतली नाही. मग निळ्यातला माणूस कुणी नेला, ते मला आता स्वतःला फसवून सांगता येईना.

सदरा या पत्रासोबत धाडतेय. आता खाऱ्या पाण्याचे डाग आहेत, ते माझे. कॉलरच्या आत तू त्याचं नाव टाचलं होतंस, बघ, तसंच आहे. तुझ्या हातांनी काही केलेलं नाही.

२८ ला जेवणात मधोमध रचलेल्या भाताच्या डोंगराला कुणाचाही हात लागायच्या आधी मी हे सगळ्या गावापुढे सांगणार आहे. मुर्नी माझ्याबरोबर साखर आटवेल की नाही, माहीत नाही. आजोबा जेवायला बसतील का, तेही माहीत नाही. पण खोटं सांगून त्याला वाटेला लावलं तर तो हजार दिवसांनीही इथेच उसासे टाकत राहील, आणि तू तिकडे.

म्हणून ये. मला मारायला ये हवं तर. कबुतर तू सोड, मी परसात बसेन, समोर येणार नाही. जेवण झाल्यावर मला विचारायचं असेल ते विचार. चेष्टा करणार नाही. ती मला करता येणार नाही, असं नाही. पण करणार नाही.

वहिनी म्हणायचं की नाही ते तू ठरवशील, तोवर नुसतीच,

सातियेम