लार्ड पाव

२ ऑगस्ट २००४, शिरूर
सकाळी आमच्या बेकरीत एमआयडीसीतल्या गेस्ट हाऊसचे आचारी आले. नाव फिलीप, केडगावचे, साठीच्या आसपासचे. उमेदीची वर्षं जहाजावरच्या स्वयंपाकघरात गेली म्हणे. आमचे हे लगेच मामा म्हणून मोकळे. त्यांच्या परदेशी साहेबांना क्यूबन सँडविच हवंय आणि आपला चौकोनी ब्रेड त्याला चालत नाही. पाव लांब पाहिजे, वरून पातळ कडक, आत मऊ. बराच वेळ पावावरच बोलत होते. एवढं कोणी बायकोबद्दल बोलत नाही.
ह्यांनी विचारलं, आत काय भरता? मामा म्हणाले, "त्यात तुमाला चालणारं काय न्हाई शेठ. ते मी तिकडंच बघतो." ह्यांनी स्पष्ट सांगितलं, तसलं मांस आपल्या दारात येता कामा नये. मामांनी कान पकडले.

९ ऑगस्ट
मामांच्या पावाची पहिली भट्टी आमच्याकडे लागली. दिवाळी-ईदला बायका नानकटाईचं सामान घरून आणतात आणि आपण भाजून देतो. जिन्नस ज्याचा त्याचा, डब्यात काय आहे ते विचारायचं नाही, ही सासऱ्यांपासूनची रीत. मामांनीही आपला डबा आणला होता. पांढरं, घट्ट तूप. "लार्ड हाय बरं का शेठ." हे म्हणाले, असू द्या की. मामांनी पुन्हा सांगितलं, लार्ड हाय. ह्यांनी पुन्हा मान डोलावली. मला वाटलं कंपनीचं नाव असेल.
पिठाच्या लांब गोळ्यावर मामांनी शिंदीच्या पानाची पट्टी ठेवली. पाव तिथूनच सरळ रेषेत उकलला. वास पार शिंप्याच्या दुकानापर्यंत. जाताना मामांनी एक पाव आमच्या अम्मींसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी, काढून ठेवला. त्यांना दात नाहीत, सगळं चहात बुडवून. दोन घास खाऊन म्हणाल्या, "असा पाव उभ्या जन्मात खाल्ला न्हाई."

२६ ऑगस्ट
हे वेडे झालेत. मामा गेले की डालडा घालून तसाच पाव करून बघतात. जमत नाही. साजूक तूप घातलं तर बिस्कीटच झालं. मामांकडे थोडं लार्ड मागितलं तर मामा म्हणाले, "तुमाला न्हाई चालायचं ते." ह्यांना वाटतं म्हातारा चिकट आहे.
दुपारी आमच्यासाठी डालड्याच्याच पावात कोंबडी घालून सँडविच केलं. मामांची शिकवण: मोहरी जिभेला टोचली पाहिजे, काकडी आंबट हवी, चीज वितळून सगळं धरून ठेवतं, आणि मग गरम लोखंडाखाली दाबायचं. दाबताना पाव चपटा व्हावा पण फुटू नये. फुटला तर बाकी सगळं फुकट. ह्यांनी कोळशाची इस्त्री घेतली. पाव फुटला. "लार्ड पायजे गं," म्हणाले, अगदी हळहळून. खरं सांगायचं तर फुटलेलाही छान लागला.
अम्मींना मात्र मामांचाच पाव लागतो. मामा दर खेपेला ठेवतात.

१४ सप्टेंबर
गणपतीचं गिऱ्हाईक धरायचं म्हणून ह्यांनी पेंटरकडून पाटी करून घेतली. पिवळ्यावर लाल. 'आमचे येथे स्पेशल लार्ड पाव मिळेल.' घालतात डालडा. मी म्हटलं, कंपनी केस करील हो. हे हसले. पेठेतली पोरं लॉर्ड पाव म्हणून मागतात. खपतोय मात्र.

३० सप्टेंबर
कॉलेजातले इंग्रजीचे एक सर खारी घ्यायला आले. पाटी वाचली. पुन्हा वाचली. "हे लार्ड म्हणजे नक्की काय घालता?" ह्यांनी अभिमानाने सांगितलं, "फॉरेनचं तूप असतंय सर, लय भारी." सरांनी माझ्याकडे पाहिलं. हातातली खारीची पुडी परत ठेवली. नंतर नेतो म्हणाले.
काहीतरी बिनसलंय. काय ते कळेना.

३ ऑक्टोबर, दौंड
माहेरी. भाऊ रेल्वेच्या कँटीनला आहे. जेवताना सहज विचारलं, लार्ड म्हणजे काय रे? हसला. "चरबी. त्या जनावराची." आमच्यात नाव घेत नाहीत. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. "कुणी खाल्लं?"
मी म्हटलं, कुणी नाही.

५ ऑक्टोबर, शिरूर
ह्यांना सांगितलं. पीठ मळायच्या फळीकडे बघत बसले. मग फिलीपमामांना बोलावलं. म्हातारा घामाघूम.
"मांस आणू नका म्हणालात, न्हाई आणलं. चरबीचं तर मी सांगितलं शेठ, दोनदा सांगितलं. तुमच्या घरात त्या जनावराचं नाव कसं घ्यायचं, म्हनून इंग्रजीत सांगितलं."
आमचा मान राखायला! राग तरी कोणावर काढायचा. मामा रडत गेले. हे त्यांना धीराचे दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, मीही बोलले नाही.

८ ऑक्टोबर
पाव भाजायचे पत्रे नवीन आणले. मळायची फळी जाळली. भट्टीत पाव सारायची लांब दांड्याची फळी जाळली. भट्टीचं काय करायचं? हे आत डोकं घालून विटा घासत होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. राखेमुळे म्हणाले.
पाटी काढली. चूक झाली बहुतेक. होती तेव्हा कोणी विचारत नव्हतं, आता जो तो विचारतो, पाटी का काढली?

१२ ऑक्टोबर
अम्मी रोज विचारतात, फिलीपचा पाव कुठाय. त्याला बरं नाही म्हणून सांगते. अम्मींनी आयुष्यात एक रोजा चुकवला नाही. तापातसुद्धा. नकळत खाल्लं त्याचा गुन्हा नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असेल. पण कळल्यावर त्या जगतील कशा? मी हे त्यांना सांगणार नाही. ह्यांनाही शपथ घातली आहे.

२१ ऑक्टोबर
रमजान. एरवी संध्याकाळी पावाला रांग असते. आज मोजकी माणसं. सलाम सगळे करतात, नेहमीपेक्षा जरा जास्तच. आणि पाव समोरच्या टपरीवरून नेतात, तिकडे म्हणे अहमदनगरचा माल येतो.
हिशोब लागत नाही. डालड्याचा पाव लार्ड म्हणून विकला आणि लार्डचा पाव तूप समजून भाजला. हे कोणाला समजावायचं? कोण विश्वास ठेवील?

१ नोव्हेंबर
शेजारच्या कुलकर्णी काकूंकडून कळलं. चरबीची गोष्ट सगळ्या गावात आहे, फक्त जनावर बदलतं. मशिदीकडे एक, पेठेत दुसरं. पेठेतलं ऐकून मी आधी दाराबाहेर कोणी आहे का ते बघून आले. काकू म्हणाल्या, "माझा विश्वास न्हाई गं." पण नानकटाईचं सामान यंदा आणणार नाहीत. सुनेला मायक्रोवेव्हमध्ये करून बघायचीय म्हणे.

४ नोव्हेंबर
दिवाळी-ईद यंदा लागून. या दिवसांत डबे ठेवायला ओटा पुरत नाही. आज ओट्यावर मांजर झोपलं होतं.
संध्याकाळी चार अनोळखी पोरं मोटारसायकलवर आली. काही घेतलं नाही. दुकान नीट बघितलं आणि गेली. हे म्हणतात, वाट चुकली असतील. गाडीवर इथल्याच मंडळाचं नाव होतं, वाट कशी चुकतील.

६ नोव्हेंबर
जमातीची मोठी माणसं उद्या रोजा सोडायला आमच्याकडे येणार. निरोप अगदी गोड. सोबत पेठेतले आप्पा पण येतील, सोसायटीचे. त्यांचा शब्द तिकडे चालतो. दोघांसमोर एकदाच काय ते सांगा, गाव शांत राहील, असं म्हणणं आहे.
मी म्हटलं, डालडाच होता एवढंच सांगा. दुकानातल्या पावात तोच होता, खोटं नाही ते. हे म्हणाले, "आन् भट्टीचं इचारलं तर?" मग स्वतःच म्हणाले, "सगळं सांगणार. फिलीपमामाचं बी. न्हाईतर उद्या तेच्या दारात जातील लोक."
बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच मला राग येतो. आणि माझी शपथ? तर म्हणाले, अम्मी आतल्या खोलीत असतील, दार लावून घे.

७ नोव्हेंबर
सकाळी ह्यांनी घासलेल्या भट्टीत खारी भाजली. ताट मांडून झालं. खजूर, केळी, भजी, मधोमध खारी. खजूर सगळे उचलतील. खारीला कोण हात लावतो ते बघायचं. आप्पांना चहा वेगळ्या कपात द्यावा का, एवढ्याशा गोष्टीवर माझं डोकं अडलंय. आम्हाला हे गाव सोडावं लागेल का, हा विचार सकाळपासून जात नाही.
अजानला वेळ आहे. अम्मींना नमाजासाठी वजू करवून आतल्या खोलीत बसवलं, केस विंचरले. खूश आहेत, किती दिवसांनी घरात माणसं येणार. दार ओढून घ्यायला गेले तर म्हणाल्या, "उघडं ठेव गं. मला बी ऐकू दे, काय काय बोलत्यात."
बाहेर ओट्यावर चपलांचा आवाज येतोय. मी अजून कडीपाशीच उभी, वही चौकटीला टेकवून लिहितेय, दार लावलेलं नाही.