पाट सलालात, घर वरशात

१४ मे, सलाला
बोटीने पाठवलेली पेटी आज आली. विलासने दुकानाच्या दारातच ती फोडली. पुरणयंत्र, खलबत्ता, कडव्या वालाचे डबे, पापडाची लाटणी, सगळं धड. वि.चा आनंद बघण्यासारखा. धाटावच्या कंपनीचं कँटीन सांभाळण्यात उमर गेली, कंपनीला टाळं लागलं, आणि आता ओमानात स्वतःचं नाश्त्याचं दुकान. पाटी अजून ओली आहे, पण ऐट मालकाची.
मनू म्हणाली, पेटी उघडल्यावर आजीच्या घरासारखा वास आला. बारा वर्षांच्या पोरीला कळलं. मी खोकल्याचं निमित्त करून आत गेले.

२ जून
नारळ, केळी, पपई. रस्त्याकडेला माडाच्या झापांच्या टपऱ्यांत शहाळी. पहिल्या दिवशी वाटलं होतं अलिबागच्या रस्त्याला लागलो की काय. मग मागे नजर गेली, उंट उभा. तेव्हापासून मी "अगदी आपल्यासारखं" म्हणणं सोडलं.
इथे पावसाळी हंगामाला खरीफ म्हणतात. जूनअखेर ते सप्टेंबर झिमझिम, डोंगर हिरवे, आणि साऱ्या आखातातली माणसं हा पाऊस बघायला येतात. पाऊस बघायला. रोह्यात सांगितलं तर वेड्यात काढतील. आमचं वर्षाचं पोट त्या महिन्यांवर. पहिला हंगाम गेला तर दुकान गेलं, असं भागीदार सालेम सांगून गेला.

११ जून
संध्याकाळी घरून, रोह्याजवळच्या वरशाहून, आईंचा फोन. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) एकट्या आहेत, चला म्हटलं तर आल्या नाहीत.
"वैशाली, माळा झाडत होते. गणपतीचा पाट नाय गो तिथं. तू कुठं हलवलास?"
मी हलवला नव्हता. म्हटलं बघते.
स्वयंपाकघरात आले. आमचा केरळी कुक बशीर कांदे चिरत बसला होता. पाटावर.
उठवला त्याला. पाट उलटा केला. निळ्या रंगात आजेसासऱ्यांचं नाव, खाली "वरसे".
वि.ने पेटी भरताना पुरणयंत्राला हादरे बसू नयेत म्हणून जे फळकूट दिसलं ते घातलं. महिनाभर आम्ही त्यावर बसून पापड लाटतोय. मीसुद्धा. अंधारा माळा होता म्हणतो. म्हटलं, डोळे तरी होते ना.
पाट धुतला, कपाटावर ठेवला. बशीरला सगळं सांगितलं तर तो इतका ओशाळला की मलाच त्याची समजूत काढावी लागली.

१२ जून
आईंना खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "पेणला पाट द्यायची वेळ झालीय."
पेण माझं माहेर. दादाचा मूर्तींचा कारखाना. घराघरांतून आधी पाट येतात, खडूने नावं घातलेले, एकावर एक रचलेले. ज्याचा पाट, त्यावर त्याचा गणपती. लहानपणी त्या रचलेल्या पाटांवरून मी सगळ्या तालुक्याची आडनावं वाचायला शिकले. ओली माती, ओली भिंत, रंग न लागलेले पांढरे गणपती ओळीने, आणि त्यांच्यामधून अंग चोरून चालायचं. परकराचा घेर लागला तर माझी आई पाठीत धपाटा घालायची. आज तो धपाटासुद्धा हवा आहे.

२० जून
वि.च्या डोक्यात नवीनच. "पाट आपणहून आलाय. देवालाच इथं यायचंय. या वर्षी गणपती सलालात बसवू."
इथली मराठी घरं जेवायला येतील, दुकानाचं नाव होईल, हा हिशेब देवाच्या तोंडून.
आईंना फोनवर त्यानेच सांगितलं. मी बाजूला उभी.
आई: "पाट चुकून गेला. म्हणून देव गेला व्हय?"
वि.: "आई, इकडे हंगाम आहे. आधी पोटोबा मग विठोबा."
आई: "पोटोबाला कोण नाय म्हणतंय? पण गणपती या घराचा हाय. तुझा नाय."
फोन ठेवल्यावर वि. जेवला नाही. मी जेवले. दोघांनी उपाशी राहून काय होणार.

५ जुलै
खरीफ जोरात. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पोहे, पोह्याचे पापड, गरम चहा. धुक्यात पापड वाळेनात, पंख्याखाली वाळवतोय. काल कुवेतच्या एका बाईने वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. वाल सोलून सोलून बोटं काळी झाली आहेत, पण मजा येते. खोटं का लिहू, मला इथे आवडायला लागलंय. हेच आईंना कसं सांगायचं ते कळत नाही.

१६ जुलै
खांब गावाहून सुधीर भावजींचा फोन. वि.चे चुलत भाऊ. गोड बोलले. "वहिनी, तुम्हाला यायला जमत नसेल तर गणपती आमच्याकडे बसवतो. काकीलाही इकडेच आणतो. नवीन घर हाय, हॉल मोठा हाय."
मनात वाईट नाही त्यांच्या. पण एकदा गणपती खांबला बसला की सगळे भाऊबंद खांबला जाणार. पुढच्या वर्षीही तिथेच. वरशाचं घर मग नुसतं कुलूप. गणपतीचं घर ते घर, बाकी सगळी बिऱ्हाडं, असं आमच्यात आहे. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण आहे.
वि.ला सांगितलं. तो म्हणाला, "मग इथे बसवलेला काय वाईट?" मी म्हटलं, तुझा हॉल लहान आहे.
हसला नाही.

२८ जुलै
काल नागपंचमी. आठवण आली नसती तर बरं. वरशाचा झोका, पातोळ्या, हळदीच्या पानाचा वास. इथे हळदीचं पान मिळालं नाही. केळीच्या पानात केल्या. मनूने खाल्ल्या, बशीरने नावाजल्या. मी माझ्या वाटच्या मनूच्या ताटात सरकवल्या.
ठरवलं. मी आणि मनू जातो. पाट घेऊन.

२९ जुलै
भांडण. "गणपतीतच नेमका ईदचा आठवडा, सगळ्यात गर्दी, आणि तू देवाला निघालीस." खरं आहे त्याचं. चूक कोणाची, याचा मात्र उल्लेख नाही.
मग अर्ध्या तासाने दार लोटून आला. "माझ्या वाटचा नमस्कार कर."
मला रडू आलं. त्यालाही यायचंय. त्याचं गाव आहे ते, माझं तर लग्नाचं.

९ ऑगस्ट, मुंबई विमानतळ
तपासणीवाला: "ये क्या है?"
मी: "पाट."
"किसलिए?"
"बैठने के लिए."
"कौन बैठेगा?"
मनू: "गणपती."
त्याने पाट दोन्ही हातांनी परत दिला.

१० ऑगस्ट, पेण
दादा कारखान्यात, कोपरापर्यंत रंग. "आलीस? बस. बसायला जागा नाय." खरंच नव्हती. आमचा गणपती कोपऱ्यात, साध्या फळीवर, डोळे आखायचे बाकी.
"पाट नसताना घडवलास?"
"तुमचं नाव वहीत दरवर्षी असतं. आता काय खोडू?"
वहिनीने भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. श्रावण आहे, लक्षात आलं तोवर ताट साफ. दादा म्हणाला, परदेशातून आलेल्याला माफ असतं.

२४ ऑगस्ट, वरसे
दोन आठवडे पाट दादाकडेच होता, आज त्यावर बसवून गणपती आणला. टेम्पोत मनूच्या मांडीला टेकून, तोंडावर रुमाल. नागोठणं मागे पडलं, निडीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत घालवलेल्या कितीतरी सुट्ट्या आठवल्या. दोन्हीकडे भात गुडघाभर.
आई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. पाटाकडेच बघत होत्या. देवावर नजर मागून गेली.

२५ ऑगस्ट
सगळे भाऊबंद आले. सुधीर भावजीही, पेढे घेऊन. आरतीच्या वेळी वि.चा फोन लावून ठेवला. तिकडे झाऱ्याचा आवाज. नंतर म्हणाला, "पोहे परतत होतो. आरती कानात. काळजात कालवलं गं." इतकं सरळ तो कधी बोलत नाही.

२९ ऑगस्ट
गौरी आल्या. आई घरभर पावलं काढत होत्या, कंबर धरून. म्हटलं, मी काढते. "काढ. पण खोलीखोलीत काढ. आता वापर नाय म्हणून सोडू नकोस."
जेवताना मनू म्हणाली, आजी, तू आमच्याबरोबर चल ना.
"येईन की. दाराला कोण राहील ते सांग."


३१ ऑगस्ट
कुंडलिकेवर विसर्जन. पाणी भरपूर. घाटावर हमसून रडले, कोणी विचारलं नाही. या दिवशी सगळेच रडतात, बरं असतं. पाटावर नदीची वाळू घेऊन परत. वाळू घरात चारी कोपऱ्यांत टाकली.

१ सप्टेंबर
उद्या पहाटे निघायचं. वि.चा फोन. दुकान तुडुंब, बशीर आणि तो दोघेच, आवाज बसलाय. कधी पोचतेस, हे विचारलं. मग, "पाट आणतेस ना? पुढच्या वर्षी हंगामातच येणार गणपती. पाट इथे असला तर..."
म्हटलं, भिजलाय अजून.
"वाळव."
आई तुळशीपाशी होत्या. ऐकलं असणार. पाणी घालून आत गेल्या. मला त्यांनी काही म्हणायला हवं होतं.
दिवसभर ऊन नाही. पाट ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलाय, नावाची बाजू आत. बॅग भरली. पाटापुरती जागा ठेवली आहे. हळदीच्या पानांसाठी पिशवी घ्यायला वर गेले, तर माळ्यावर पाटाची जागा आईंनी पुसून, खाली धुतलेलं फडकं अंथरून ठेवलेलं.