पोळीत गेलेली चिमणी

मंगळवार, ४ डिसेंबर १९७३

शाळेत शिकवून घरी आले की स्वयंपाक आणि बेबीशी खेळणं एकदमच उरकते मी. पोळ्या लाटताना तिला कणकेचा गोळा द्यायचा. त्याची चिमणी, डोळ्यांना मोहरीचे दोन दाणे. दिवसभरात आमचा तेवढाच काय तो खेळ.

आज ह्यांची रातपाळी. मिलचा भोंगा व्हायला आलेला. दारातूनच ओरडले, "काहून उशीर करून राहिली वं? डबा दे ना लवकर!" एक पोळी कमी पडत होती, कणीक संपलेली. हाताशी आला तो गोळा लाटला. पोळी तव्यावर टाकली तेव्हा तिच्यात मोहरीचे दोन दाणे दिसले.

बेबीनंही पाहिले. पण रडली नाही. का रडली नसेल? एरवी एवढ्या-तेवढ्यावरून घर डोक्यावर घेते, अडीच वर्षांची पोर.

हे डबा घेऊन गेले. मी थोडी कणीक पुन्हा भिजवली, तिला मोठा गोळा दिला, दाणे दिले. म्हटलं, चल, चिमणी करू.

तिनं दाणे बाजूला सारले. गोळा तळहातानं दाबून चपटा केला आणि माझ्याकडे सरकवला.

"घे आई, भाज."