आपल्या सुनंदाताई

१९ जानेवारी, रविवार
हरलो, एका गुणाने. 'हरलो' लिहिताना हात अडतो, कारण आम्हाला हरवलं कोणी हे मला माहीत आहे.

खर्डीच्या पुढचं मैदान. भात कापून सपाट केलेलं खाचर, त्यावर फक्कीच्या रेषा. मुलींच्या कबड्डीचा उपांत्य सामना, समोर यजमान गावचा संघ. समालोचनाचा माईक नेहमीप्रमाणे माझ्याकडे. शेवटचं अर्धं मिनिट, चढाईला जयू. समोर सहा जणी, म्हणजे बोनस चालू. तिने एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकला, मागचा पाय हवेत. मी माईकवर 'बोनस' म्हणूनही गेले. बोनस देणारा पंचाचा अंगठा वर गेला नाही. बरोबरीचा गुण गेला, जयू रिकामी परतली. शिट्टी.

पंच सुनंदा. शाळेच्या संघात डाव्या कोपऱ्यात ती, शेजारी मी, हातात हात घालून साखळी. तिला पंचाचा बॅज मिळावा म्हणून सहा वर्षांपूर्वी मी जिल्हा समितीच्या वार्षिक सभेत पाऊण तास बोलले. 'बाईच्या खेळाला बाईचा डोळा नको का?' असं जिच्यासाठी विचारलं होतं, तीच ही सुनंदा.

सामन्यानंतर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

२० जानेवारी, सोमवार
सकाळी शाळेत निघताना जयूचा फोन. मुरबाडकडच्या वाडीची पोर, पाचवीपासून माझ्या हाताखाली खेळलेली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाई, बोनस व्हता का नाय, येवढंच सांगा."
"होता."
"मंग झालं."

झालं कसलं? निवड समिती फक्त अंतिम सामना बघणार होती. जिल्ह्याच्या ज्युनियर संघासाठी जयूचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय बसत नाही. आता वाशिंदच्या कंपनीत पॅकिंगला लागायचं, असं तिच्या घरी ठरतंय.

२२ जानेवारी, बुधवार
जयूच्या बहिणीने फोनवर पूर्ण सामना टिपला होता. तो मागवला. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आवाज बंद करून दोनदा पाहिला. घासून आलेले निर्णय नऊ. सात आमच्या विरुद्ध. बोनसचा पाय दिवसाइतका स्वच्छ दिसतो.

पाटील सर खांद्यावरून बघत होते. "बाई, जेवण यजमानाचं, शाल यजमानाची. मग अंगठा काय तुमच्यासाठी उठणार?"

सगळे हसले. मी नाही. पण वाक्य डोक्यात बसलं.

२४ जानेवारी, शुक्रवार
जिल्हा समितीकडे तक्रार दिली. चार पानं. 'पक्षपात' शब्द पाच वेळा आला आहे. यजमानांचा पाहुणचार आणि पंचांचा कल, असा एक परिच्छेद पाटील सरांच्या वाक्यावरून. लिहिताना हात एकदाही थांबला नाही.

निवड चाचणी नऊ फेब्रुवारीला. पक्षपात सिद्ध झाला तर जयूला थेट चाचणीला बोलावता येतं, तसा नियम आहे. सु.चं काय होईल? बॅज जाईल. जावा.

२६ जानेवारी, रविवार
ध्वजवंदनानंतर भाषण. विषय न्याय. न्याय करणाऱ्याने आपलं घर उंबऱ्याबाहेर ठेवून यावं, असं बोलले. टाळ्या भरपूर. बोलताना डोळ्यांपुढे एकच चेहरा होता.

दुपारी तोच चेहरा दारात. आटगावहून आली होती. चप्पल काढून खुर्चीच्या कडेवर बसली, परक्यासारखी.

"तक्रार तूच लिवलीस ना गो, विजू?"
"सही माझीच आहे."
"जेवण लिवलंस, शाल लिवलीस. मी डबा नेते गो. सहा वरसं झाली, भाकर आन् सुकट. कुणाच्या घरचं पाणीबी पीत नाय सामन्याच्या दिवशी. कुणालाबी विचार."

हे मला माहीत असायला हवं होतं. तिच्याशेजारी बसून कितीदा तरी सामने केलेत. तिच्या डब्यातली सुकट मी खाल्ली आहे.

"मग अंगठा का उठला नाही?"

तिच्यापुढच्या चहावर साय धरली.

"दिसला मला बोनस. हात उठला नाय."

मी उभीच राहिले. चुकली असती तर माफ केलं असतं. दिसलं आणि दिलं नाही.

"का?"
"तुझा आवाज ऐक आधी. मंग विचार."

चहा न पिता गेली.

२८ जानेवारी, मंगळवार
माझा आवाज ऐक म्हणाली होती. शाळा सुटल्यावर कानात वायर घालून सामना पुन्हा लावला. आज पहिल्यांदा आवाजासकट.

सुरुवातीलाच मी, माईकवर, तोंड भरून: "आजच्या पंच आहेत आपल्या सुनंदाताई. माझी शाळेपासूनची मैत्रीण." लगेच पुढे: "आणि चढाईला येतेय आपली जयू."

आपल्या सुनंदाताई. आपली जयू. मी सगळ्यांनाच आपलं म्हणते. व्यासपीठावर तोंडाला तीच सवय, आपला तालुका, आपली माणसं. 'आमची' म्हणणं कोतं वाटतं. 'आपली' म्हटलं की समोरचाही त्यात येतो, असं मी मुलांना व्याकरणात शिकवते.

समोरचे आले नव्हते. थोड्या वेळाने, फोनच्या अगदी जवळ यजमानांकडची कुणी बाई बोलली आहे: "पंच आपल्या, जयू आपली. मंग आमी काय भाड्यानं आणलेल्या?" हशा. मग मैदानाची ती बाजू प्रत्येक निर्णयाला ताल धरून, "आपल्या ताई, आपल्या ताई."

मी ते त्या दिवशी ऐकलंसुद्धा नाही. माझाच आवाज एवढा मोठा होता.

पुन्हा मोजलं. नऊपैकी दोन निर्णय आमच्या बाजूने. दोन्ही त्या टोमण्याच्या आधीचे. नंतरचे सातही विरुद्ध. एकदा, फक्त एकदा, सु. मान वळवून माईककडे बघते. माझ्याकडे. विनवणी होती ती. मी त्या क्षणी म्हणतेय, "आपल्या ताईंचं बारीक लक्ष आहे बरं का."

३० जानेवारी, गुरुवार
वाचत बसले. परदेशातल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये पंच झुकतात का, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. यजमानांकडे झुकतात, नामांकित खेळाडूंकडे झुकतात, गर्दीच्या आवाजाने झुकतात. जे वाचलं त्यात सगळे कोणाकडे तरी झुकणारे. आपल्याच माणसापासून लांब झुकणारा पंच त्यात कुठे भेटला नाही. तो मोजायचा कसा? त्याचा अन्याय तर सचोटीसारखा दिसतो.

संध्याकाळी सु.ला फोन केला. तक्रारीतला शाल-जेवणाचा परिच्छेद मागे घेतला आहे, समितीला तसं पत्र दिलं, हे सांगितलं. माफी मागितली. मग राग आवरला नाही.

"पण तू भित्री आहेस. दिसलेलं दिलं नाहीस."
"दिलं आसतं तर काय बोलले आसते? मैत्रिणीला दिलं. बायांना पंच केलं की आसंच व्हतंय. तुझ्याच भाषणावर थुंकले आसते, विजू. मी ते राखलं."
"जयूच्या जिवावर?"

तिकडून फक्त कुकरची शिट्टी. मग, "हा. जयूच्या जिवावर." आणि फोन ठेवला.

साखळीत एक नियम होता. चढाई करणारी अंगावर आली तरी शेजारणीचा हात सोडायचा नाही. आम्ही कधी सोडला नाही. आता कोणी आधी सोडला ते ठरवत बसले आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार
उद्या मुरबाडला सुनावणी. समितीच्या कार्यवाहांचा फोन. माझी भाषणं त्यांना ठाऊक, म्हणून आधीच बजावलं: "बाई, उद्या भाषण नको. चूक का पक्षपात, एक शब्द द्या. आमी तेवढाच लिवणार."

चूक म्हटलं तर चुका सगळ्यांच्याच होतात. फाईल बंद, जयू कंपनीत. पक्षपात म्हटलं तर जयू चाचणीला, सु.चा बॅज गेला, आणि सहा वर्षांपूर्वी ज्यांनी सभेत 'बाई पंच नको' म्हणून माना हलवल्या होत्या ते परत हलवतील, हसून.

आणि माझ्यासाठी कोणता शब्द? माईक कोणत्या रकान्यात लिहितात?

दुपारी जयूच्या वाडीवर गेले. ती अंगणात नाचणी पाखडत होती. सगळं सांगितलं, आवाजासकट. वाटलं होतं चिडेल. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तुमचा माईक आन् ताईंचा अंगठा. तुमी दोघी मैत्रिणी. मंग माझा पाय कुठं गेला, बाई?"

मी खाली सांडलेली नाचणी वेचू लागले. तीस वर्षं बोलते आहे.

"उद्या जाऊन सांगा, पाय रेषेच्या पलीकडं व्हता. बाकी तुमचं तुमी बघा."

निघताना नेहमीसारखी पाया पडली नाही. ते बरोबरच होतं. तरी लागलं.

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळ. साडेआठ. काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. एकदा पक्षपात, एकदा चूक, एकदा दोन्ही शब्द टाळून सुंदर असं काहीतरी. ते सुंदर सगळ्यात आधी फाडलं.

एक वाक्य मात्र तिन्ही कागदांवर तेच होतं. पाय पलीकडे होता. ते बोलणार. त्याच्यापुढे काय, माहीत नाही. माझा आवाज टिपलेला फोन पिशवीत घेतला आहे. समितीला ऐकवेन की नाही, तेही माहीत नाही. ऐकवला तर सु. वाचेल, की आणखी अडकेल?

आत्ता सु.चा मेसेज. शहापूरच्या स्टँडवर उभी आहे. मुरबाडची गाडी सव्वानऊला.

"ये लवकर. जागा धरते. आपण एकत्रच जाऊ."

आपण. किती वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसले. यात मी धरलेली आहे. जयू आहे का?

अजून उत्तर दिलेलं नाही. चपला घातल्या आहेत.