‘दोनचा भोंगा’ माझ्यानंतर कोणाचा

मृत्युपत्र लिहून ठेवणार : दिपमाला तोताराम भदाणे, वय ५२, धंदा ध्वनिमुद्रण व लग्नाच्या व्हिडिओंचे मिक्सिंग, राहणार पिंप्राळा, जळगाव. मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात, जिल्हा धुळे.

हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने शरीर थकले आहे, डोके थकलेले नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. धाक म्हणजे काय ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे वाक्य मी केवळ रिवाज म्हणून लिहीत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पिंप्राळ्यातील माझे दोन खोल्यांचे बैठे घर माझ्या स्वकमाईचे आहे. त्यात वडिलांचा किंवा भावाचा काहीएक हिस्सा नाही. ते माझ्या पश्चात माझी भाची पुनम नवल भदाणे हिच्या मालकीचे होईल. बँकेत जे शिल्लक राहील त्यातून आधी बेबाबाईंचा पगार चालू ठेवावा. बेबाबाई सात वर्षे माझ्या घरी स्वयंपाक करतात आणि वडिलांचे सगळे करतात. उरेल ते पुनमचे.

२. कॉम्प्युटर, दोन स्पीकर, कीबोर्ड व हेडफोन पुनमला. टेपडेक कोणाला देण्यासारखा राहिलेला नाही. का, ते पाचव्या कलमात आहे.

३. ‘दोनचा भोंगा’ हा माझा अल्बम व त्याचे सर्व हक्क पुनमला.

हा अल्बम मी २०२१ साली केला. लग्ने बंद होती, दुकान बंद होते. त्यात गाणे नाही, ठेका नाही. लांब ताणलेले सूर आहेत आणि त्यांच्या मागे दीपनगरच्या वीजकेंद्राची घरघर, पाळी सुटल्याचा भोंगा, निंबावरचे कावळे, माझ्या आईचे गुणगुणणे. जाणकार याला ॲम्बियंट म्हणतात. इंटरनेटवर टाकल्यावर अनोळखी माणसांनी लिहिले की वसाहतीतली दुपार आठवली, डोळे भरून आले. एका बाईने लिहिले की तिचे बाळ फक्त चौथ्या तुकड्यावर झोपते.

चौथा तुकडा कशाचा आहे, ते मी तिला कळवले नाही. इथे लिहिते.

१९८४ साली मी अकरा वर्षांची होते. वडील तोताराम वीजकेंद्रात कामाला होते. आम्ही वसाहतीत वरच्या मजल्यावर राहत होतो. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायचा मला नाद होता. त्या दुपारी मी बटण दाबले आणि खाली खेळायला गेले. कॅसेट फिरत राहिली. आई, भिकुबाई, तांदूळ निवडत गुणगुणते आहे. दोनचा भोंगा होतो. थोड्या वेळाने जिन्यावर बुटांचा आवाज येतो.

वडील म्हणतात, “भाकर थंडी शे.”

आई म्हणते, “आते ताजी करी देस.”

मग पट्टा. अकरा वेळा. मध्ये आई एकदाच बोलते, “पोरं दखी राहिनात हो.” माझा धाकटा भाऊ नवल तेव्हा घरात होता. सात वर्षांचा.

पट्ट्याचा एक आवाज चाळीसपट ताणला की तो पट्टा राहत नाही, दुरून येणाऱ्या घंटेसारखा होतो. मी तसे केले, कारण ती कॅसेट मला ऐकवत नव्हती आणि फेकवतही नव्हती. तो आवाज गोड झाला यात माझी कारागिरी आहे आणि माझा गुन्हाही आहे.

४. अल्बम पुनमलाच का, याचे कारण.

२०२२ च्या उन्हाळ्यात ती धुळ्याहून माझ्याकडे राहायला आली. मी तिला हेडफोन दिले. चौथा तुकडा संपायच्या आत तिने ते काढून ठेवले.

“आत्या, इथं कोणाला मारतायत का?”

“तुला कसं कळलं? पट्ट्याचा आवाज तर ओळखूच येत नाही.”

“पट्टा नाही गं. मागे ती बाई श्वास आत घेते ना, तसा मम्मी घेते. पप्पांनी हात उचलला की.”

सगळ्या जगाला त्यात लहानपण ऐकू आले. या मुलीला तिचे आत्ताचे घर ऐकू आले. मी तिला परत पाठवले नाही. तिची आईही पुढे माहेरी निघून गेली आणि अजून तिथेच आहे.

पुनमने माझ्यानंतर चौथा तुकडा काढून त्या जागी मूळ कॅसेट जशीच्या तशी लावावी आणि खाली आईचे नाव लिहावे. मात्र ज्या बाईचे बाळ त्यावर झोपते तिला आधी कळवावे. त्या लेकराची झोप मोडायचा मला हक्क नाही.

५. माझा भाऊ नवल तोताराम भदाणे, राहणार धुळे, यास माझ्या मिळकतीतून काहीही देत नाही. वारसाला वगळताना कारण द्यावे, असे वकिलांनी सांगितले. कारण असे.

२०२२ सालीच दिवाळीनंतर तो माझ्या दारात आला. नात्यातल्या कोणीतरी अल्बम ऐकून ‘ही तर भिकुबाई’ असे म्हटले होते.

“घरनी अब्रू बाजारमा मांडी तू,” तो म्हणाला. “पोरगी फोडी, बायको फोडी. कॅसेट कोठे शे?”

मी दिली नाही. त्याने टेपडेक उचलून फरशीवर आपटला, दोनदा. मग माझ्या कानाखाली मारली. मी पडले. तो वाकला आणि त्याच जागी पुन्हा मारली. कॅसेट तूरडाळीच्या डब्यात होती, ती वाचली. डाव्या कानाचा पडदा वाचला नाही.

अल्बममधला शेवटचा, सातवा तुकडा मी त्यानंतर एका कानाने केला आणि मागून जोडला. त्यात डावीकडचा आवाज जास्त मोठा आहे. कोणी तो दोष समजून दुरुस्त करू नये. तो नवल आहे.

लहानपणी आई मार खाताना हाच नवल माझ्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसून बसायचा. ते मी विसरलेले नाही, म्हणून पोलिसात गेले नाही. चुकले माझे.

६. वडील. वय ८४. २०१८ पासून माझ्याकडे आहेत. त्यांना मी मायेने आणले नाही. नवलच्या एका घरात मारणारी दोन माणसे नकोत, म्हणून आणले.

त्यांना हा अल्बम फार आवडायचा. जेवण झाले की खुर्चीत बसून म्हणायचे, “दिपा, ते दीपनगर लाव.” डोळ्यांतून पाणी काढायचे. म्हणायचे, “त्या दिन गयात. तुनी माय व्हती तवय.” चौथ्या तुकड्यावर त्यांनाही झोप लागायची. हे मी दोन वर्षे पाहिले.

२०२३ च्या मार्चमध्ये एका दुपारी मी उसना टेपरेकॉर्डर आणून अल्बमऐवजी मूळ कॅसेट वाजवली. चार फटके होईपर्यंत ते ऐकत राहिले. मग उठले आणि हातातली काठी माझ्या कपाळावर मारली. मी काठी हिसकावली आणि त्यांच्या मनगटावर मारली. पहिला फटका त्यांनी पुन्हा हात उगारू नये म्हणून होता. दुसरा आणि तिसरा कशासाठीही नव्हता. मारताना मला बरे वाटत होते, म्हणून मारले. हाड मोडल्याचा आवाज मला एका कानानेही स्पष्ट ऐकू आला. बेबाबाईंनी मला कमरेला धरून मागे ओढले, नाहीतर मी थांबले नसते.

डॉक्टरांनी विचारले, कसे झाले? मी म्हटले, “जिन्यावरून पडले.”

माझ्या घराला जिना नाही. संध्याकाळी प्लास्टरमधल्या त्या माणसाला मी वरणभात भरवला.

७. ते वाक्य माझ्या तोंडात आयते होते, कारण मी ते पूर्वी बोलले होते. १९८६ साली, तेराव्या वर्षी, पोलिसांपुढे. आई जिन्याच्या पायथ्याशी पडली होती, मान वळलेली. मी खालून तिला कोसळताना पाहिले होते आणि वर वडिलांना उभे पाहिले होते. पोलीस विचारत होते तेव्हा वडिलांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हटले, “माय जिन्यावरून पडली.” तिचे वय चौतीस होते.

तो जबाब खोटा होता. याच कागदात मी तो मागे घेते.

परवा या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा मी वडिलांसमोर मोठ्याने वाचला. बेबाबाई त्यांना खिचडी भरवत होत्या. त्यात मी लिहिले होते की वडिलांनी आईला ढकलले.

ते म्हणाले, “ढकलं नही.”

मला वाटले, आता नाकारतील. काठी कुठे आहे ते मी आधी पाहिले.

“लाथ मारी,” ते म्हणाले. “कंबरमा. बरोबर लिख.”

बेबाबाईंनी चमचा वाटीत ठेवला. मी विचारले, “आबा, पोलिससले सांगशात का?”

“सांगसू. पहिले जेवू दे.”

त्यांनी पूर्ण वाटी संपवली. वर ताक मागितले.

काल पोलीस घरी येऊन त्यांचा जबाब घेऊन गेले. प्रत सोबत जोडली आहे. एकोणचाळीस वर्षांनंतर त्याचे काय करायचे ते कायद्याने पाहावे. नेले तर नेले. नाही नेले तर वडील हयात असेपर्यंत मागच्या खोलीत राहतील, बेबाबाई त्यांचे पाहतील. त्यांना औषध, अन्न आणि अंथरूण वेळेवर मिळावे. या घरात त्यांच्यावर कोणीही हात उगारू नये, पुनमनेही नाही. त्यांना मी माफ केलेले नाही, आणि मी मेले म्हणून कोणी माझ्या वतीने माफ करू नये.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुनमने करावी. बेबाबाईंची साक्ष घ्यायची माझी इच्छा होती, कारण सगळे त्यांनीच पाहिले आहे. पण ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, असा नियम आहे.

आज सह्या करायला बसलो तेव्हा वडिलांनी वाकडे राहिलेले मनगट पुढे केले.

“मी सही कोठे करू?”

मी म्हटले, “या कागदावर तुमच्या सहीला जागा नाही, आबा.”

त्यांनी हात मागे घेतला. आता मी सही करते.

(सही) दिपमाला तोताराम भदाणे

वरील सही दिपमाला यांनी आमच्या समक्ष, पूर्ण भानावर असताना केली. आम्ही दोघांनी त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष साक्ष घातली :

१. (सही) अभिमन सुकदेव निकम, राहणार पिंप्राळा, जळगाव
२. (सही) मोतीलाल चिंधा बोरसे, राहणार मेहरूण, जळगाव

ठिकाण : जळगाव
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५