डाव्या पायाचे हजार

१३ जानेवारी
निमिषचं पार्सल आलं. मनगटी घड्याळ! पावलं मोजतं म्हणे. आणि आकडा थेट सांता क्लाराला, चिरंजीवांच्या फोनवर! ड्रॉवरमध्ये टाकलं. एकतीस वर्षं मिशिगनचे हायवे बांधले मी. मला मोजता येतं.

१९ जानेवारी
फोनवर भांडण. रोमला जाऊन तिथल्या दोन हजार वर्षांहून जुन्या अपिया रस्त्यावर चालायचंय म्हटलं तर — "आई, बी प्रॅक्टिकल. हिपच्या ऑपरेशनला जेमतेम वर्ष झालंय. तिथे पडलीस तर?" मग अट! मार्च संपेपर्यंत न थांबता पाच हजार पावलं चालून दाखव, मग खुशाल जा. नाहीतर ॲन आर्बरचं घर विकायचं आणि त्याच्याकडे राहायला जायचं.
आणि मी रागाच्या भरात हो म्हटलं! सत्तराव्या वर्षी पोटच्या मुलाशी पैज!

२८ जानेवारी
बाहेर उणे सतरा. मॉलमध्ये चालले, शेजारच्या रत्नाबरोबर. रिटायर्ड डॉक्टर, तोंडाला मात्र रिटायरमेंट नाही. फिजिओने शिकवलं तशी मोजते — ऑपरेशनचा डावा पाय टेकला की आकडा. त्यामुळे पाय ओढायची सवय गेली.
आज ९००. मग बाक.

११ फेब्रुवारी
युनिव्हर्सिटीत निवृत्तांसाठीचा वर्ग. विषय रोमन रस्ते. मलबारची मिरी जहाजाने इजिप्तला, तिथून इटलीला, आणि शेवटी अपियावरून रोमच्या बाजारात. मिरीला नाही कुणी विचारलं, पडलीस तर!
त्या दगडांत गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. आणि आमचे रस्ते? थंडी सरली की खड्डे. एकतीस वर्षं लोकांची बोलणी खाल्ली. मला तो रस्ता पायाखाली हवाय, फोटोत नकोय.

३ मार्च
२,२००.

२३ मार्च
३,१००. पाय लाकूड झाला. रत्ना म्हणत होती, "चल ना यार, अजून एक फेरी." नाही जमलं.

३० मार्च
निमिषला खरं ते सांगितलं. तीन हजार शंभर, त्यापुढे सरकत नाही. वाढवून सांगता आलं असतं. पण नोकरीत कधी खोटा आकडा लिहिला नाही, आता कशाला?
"इट्स ओके, आई." इतका मऊ आवाज! त्या मऊपणाचाच राग आला. शनिवारी येतोय, विक्रीसाठी घराचे फोटो काढणाऱ्याला घेऊन. फोन ठेवला आणि रडले. हो, रडले.

१ एप्रिल
वर्गात बाईंनी रोमन मैल समजावला. हजार पावलं. पण रोमन लोक दोन्ही पायांचं मिळून एक धरायचे! डावा पाय टेकला की एक, पुन्हा डावा टेकला की दोन.
खुर्चीत बसल्या बसल्या डावा पाय टेकवून पाहिला. अगं बाई! मी तरी दुसरं काय करत होते? तीन हजार शंभर म्हणजे सहा हजार दोनशे!
रत्नाला फोन केला. तीही पावलं मोजणारं घड्याळ घालते; तिने त्यात तेवीस मार्चचा आकडा शोधला — ६,२४८. "मृणाल, तू एकाच पायाचं मोजत होतीस? आणि म्हणे इंजिनिअर!" दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. आयुष्यभर रस्त्याकडेला मैलाच्या पाट्या लावल्या, आणि आपण काय मोजतोय ते एकदाही तपासलं नाही.
निमिषला कळवलं नाही. आठ मेचं तिकीट मात्र काढलं. अट पुरी झाली म्हणून नव्हे. ती अट मी मुळात मान्यच करायला नको होती!

४ एप्रिल
फोटोवाल्याला दारातूनच परत पाठवलं. निमिषला म्हटलं, "बूट घाल. मॉलमध्ये चल."
मी मोठ्याने मोजत होते, रत्ना त्याच्या मनगटावर डोळा ठेवून. त्याच्या घड्याळात तीन हजार झाले आणि साहेब पाठीला हात लावून बाकावर बसले. एक्केचाळिसाव्या वर्षी! मी चालत राहिले. फेरी मारून त्याच्यासमोरून गेले तेव्हा हात केला. माझे अडीच हजार झाले तेव्हाच थांबले. पाच हजार, त्याच्या डोळ्यांसमोर!

५ एप्रिल
चहा पिताना निमिष हळूच म्हणाला, "आई, मी पण येऊ रोमला?"
म्हटलं, सात मेपर्यंत न थांबता पाच हजार चालून दाखव. दोन्ही पायांची मिळून चालतील.