चौथ्या डब्यातलं वांगं

४ ऑगस्ट १९९६, रविवार
डॉक्टरांनी बीपी मोजलं. १७०/११०. वजन ८६. म्हणाले, फरसाण, तेल, मीठ कमी करा, हिरव्या भाज्या खा. मी म्हणालो, बाजारातल्या भाज्यांवर औषधं मारलेली असतात, त्या खाल्ल्या तर बीपी आणखी वाढेल. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मुद्दा बिनतोड होता.

निर्णय: भाजी घरीच पिकवायची. गच्चीवर. सुरुवात भरताच्या वांग्यापासून.

सरलाला सांगून टाकलं, गच्चीवरचं पहिलं वांगं ताटात पडेल त्या दिवसापासून खमण, लोचो, भजी कायमची बंद. खंडेरायाची शपथ. तिने दोनदा वदवून घेतलं. तिचा भाऊ वाल्मिक साक्षीला होता. चातुर्मासात वांगं आपल्याला चालत नाहीच, ते खायचं एकदम चंपाषष्ठीला. म्हणजे डिसेंबर. घाई कशाला?

६ ऑगस्ट
डब्यांची सोय झाली. भाईदासच्या खमणच्या लारीमागे, म्हणजे हातगाडीमागे, तेलाचे रिकामे डबे पडलेले असतात. सहा दिले, फुकट. फुकट घेऊन तसंच निघून येणं बरं दिसत नाही, म्हणून दोन प्लेट खमण खाल्लं. वर शेव. आरोग्यासाठीच खाल्लं असं धरायला हरकत नाही.

११ ऑगस्ट, रविवार
माती भरली. गावचा धुडकू बारडोलीला असतो, त्याने साखर कारखान्यातली मळी आणून दिली. एक नंबर खत. शेजारच्या सखुबाईंना वास आला. त्यांना नैसर्गिक खताचं महत्त्व समजावलं. त्यांनी खिडकी लावून घेतली.

बी जळगावकडचं. वांगं हिरवं, दुधीएवढं. सहा डबे, डब्याला दहा, म्हणजे साठ वांगी. सखुबाईंना एकही नाही.

२ सप्टेंबर
रोपं वीतभर. काठीला बांधायला कारखान्यातून धागा आणला. लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला एवढा हक्क असतो. बांधायचं काम सरलाने केलं. लूमवर ताण्याचा तुटलेला धागा जोडायला आम्ही मारतो तीच गाठ, बारीक, चपटी, ओढाल तेवढी आवळणारी. लग्नानंतर कतारगामच्या खोलीत मीच तिला शिकवली होती, भाव मारायला. माझ्यापेक्षा चांगली मारते. तिला बोललो नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
सकाळ-संध्याकाळ दोन दोन बादल्या पाणी चालू आहे. सरला म्हणते मुळं कुजतील. अठरा वर्षं मी नुसत्या आवाजावरून लूमचा बिघाड सांगतो. झाडाचं वेगळं काय असणार? सहाही झाडांना कान लावला. काहीच आवाज नाही. म्हणजे बिघाड नाही.

२३ सप्टेंबर
दोन झाडं मेली. कबुतरं.

१३ ऑक्टोबर, रविवार
फूल!! जांभळं, चौथ्या डब्यात. भाईदासला बातमी दिली. त्याने लोचोवर जास्तीचं तेल सोडलं, म्हणाला, खाओ खाओ. माणूस दिलदार.

१५ ऑक्टोबर
फूल गळलं. काल सखुबाई गच्चीवर पापड वाळवायला आल्या होत्या. एवढंच लिहितो.

१० नोव्हेंबर, दिवाळी
गावची मंडळी फराळाला. बोलण्याच्या ओघात जाहीर झालं की चंपाषष्ठीला भरीत-रोडगे आमच्याकडे आणि वांगी आमच्या गच्चीवरची. आठ जण येणार. वाल्मिकने विचारलं, दाजी, झाडाला वांगी आहेत का? मी म्हणालो, लागायच्या मार्गावर आहेत. सगळे हसले. वाल्मिक सगळ्यात जास्त. हा गावभर सांगत सुटणार. आता माघार नाही.

सरला चहा ठेवता ठेवता म्हणाली, "नुसतं देखीसन झाड वाढत नही." निराशावादी बाई.

२० नोव्हेंबर
बीपी १८०/११५. वजन ८९. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, सरलाशी बोलले. घरी आल्यावर ती म्हणाली, मला भीती वाटते. तिचे वडील एका बाजूने लुळे पडले, तेव्हा ते माझ्याच वयाचे होते.

मीही घाबरलो. खरंच घाबरलो. भाईदासच्या बाकड्यावर बसून नीट विचार केला. शपथ म्हणजे शपथ, वांगं आलं की बंद. त्याआधी बंद केलं तर शपथेला अर्थ काय राहिला?

१५ डिसेंबर, रविवार
सध्याची स्थिती: झाड एक. चौथा डबा. उंची हातभर. फूल एक. वांगी, मार्गावर.

उद्या आठ जण येणार. सबब शोधतो आहे. कबुतरं चार महिन्यांना पुरणार नाहीत. सरला बाजारातून जड पिशवी घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, कांद्याची पात. पात एवढी जड कशी, हे विचारायला हवं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं.

१६ डिसेंबर, चंपाषष्ठी. सकाळी ७
तीन वांगी!! एका रात्रीत! हिरवीगार, दुधीएवढी! झाड पार वाकलंय. मळी हळूहळू काम करते हे मी पहिल्यापासून सांगत होतो. खंडेरायाची कृपा आहेच, पण मळीही. सगळ्यांसमोर तोडणार. वाल्मिकला पुढे उभं करणार.

त्याच दिवशी, दुपारी
सगळे गच्चीवर जमले. सखुबाईसुद्धा. मी येळकोट केला आणि पहिलं वांगं ओढलं. तुटेना. देठापाशी बोट गेलं. धागा. आमच्या कारखान्याचा, पांढरा. आणि गाठ बारीक, चपटी, ओढली तशी आवळणारी.

वाल्मिक म्हणाला, काय झालं दाजी?

मी सरलाकडे पाहिलं. ती पदराने ताट पुसत होती. पुसलेलंच ताट पुन्हा पुसत होती.

मी म्हणालो, देठ जरा चिवट आहे. आणि वाकून धागा दाताने तोडला. तिन्ही वेळा.

वांगी गावाकडून आणलेल्या कापसाच्या वाळक्या पराट्यांवर भाजली. भरीत फर्मास झालं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, सखुबाईंनी बी मागितलं. नैवेद्य दाखवून पहिलं भरीत माझ्या ताटात पडलं तेव्हा सरला आठ जणांसमोर म्हणाली, "आते खमण पुरं." वाल्मिक म्हणाला, मी साक्षीला आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची तिखट होती.

१७ डिसेंबर
कारखान्यातून मागच्या गल्लीने आलो. तरी भाईदासला दिसलो. त्याने लांबूनच प्लेट दाखवली. मी हात हलवला आणि चालत राहिलो.

दुपारच्या डब्यात दुधी होता. पुसून खाल्ला. डब्याचं झाकण सैल झालंय म्हणून तिने धाग्याने बांधून दिलं होतं. ती गाठ सोडायला दहा मिनिटं लागली.